मेन्यूत नव्हतं, बिलात आलं

हॉटेलचं बिल मी खालून वर वाचते. आधी एकूण रक्कम, मग राउंड ऑफ, मग सीजीएसटी आणि एसजीएसटीच्या दोन ओळी, आणि मग ज्या आकड्यावर हे दोन्ही कर लावलेत तो आकडा. तो आकडा आणि आपण खाल्लेल्या पदार्थांची बेरीज जुळली की बिल सरळ आहे. नाही जुळली, तर मध्ये कुठेतरी अशी एक ओळ असते जी मेन्यूत नव्हती.

ही सवय कामातून लागली. इंदूरमधल्या लहान दुकानदारांचे हिशेब ठेवणं आणि जीएसटीचे रिटर्न भरणं हा माझा व्यवसाय. त्यात नमकीनवाले आहेत, एक केटरर आहे, काही हॉटेलवाले आहेत. त्यामुळे बिल छापणाऱ्याची बाजू मला रोज दिसते आणि बिल भरणाऱ्याची बाजू घरच्यांबरोबर बाहेर जेवायला गेलं की दिसते. आज लिहायचं आहे ते या दुसऱ्या बाजूबद्दल, कारण अलीकडे जे पाहिलं त्यानं मी खरंच व्यथित झाले.

सासूबाईंची पंचाहत्तरी होती. सकाळी घरी पूजा झाली, संध्याकाळी सगळ्यांनी बाहेर जेवायचं ठरलं. त्यांच्या धाकट्या बहिणी, म्हणजे आमच्या मावशी, उज्जैनहून आल्या होत्या. रामबागेतल्या आमच्या घरात एवढी माणसं एका वेळी टेबलाभोवती बसत नाहीत, म्हणून विजयनगरकडच्या एका मोठ्या रेस्टॉरंटमध्ये टेबल सांगून ठेवलं. नाव लिहीत नाही. एक तर तक्रार चालू आहे, आणि हे काही त्या एकाच जागेचं दुखणं नाही.

बसेपर्यंत पाण्याच्या चार बाटल्यांची झाकणं उघडलेली होती. "साधं पाणी की बाटली" हे कोणी विचारलं नाही. मेन्यू मागितला तर टेबलावर चिकटवलेला क्यूआर कोड दाखवला. आई म्हणाल्या, "मला कागदावरचं दे बाबा, त्या चौकोनात मला काही दिसत नाही." कागदावरचा मेन्यू नव्हताच. मग मुलीनं फोनवर पदार्थ मोठ्यानं वाचून दाखवले. पाण्याचा भाव तिला त्या यादीत सापडला नाही. सगळ्यात शेवटी, पडदा बराच वर सरकवल्यावर, बारीक अक्षरात एक ओळ होती: कर आणि शुल्क अतिरिक्त. कोणतं शुल्क, किती टक्के, यातलं काही नाही.

जेवणाबद्दल थोडक्यात सांगते. भाजी आली तेव्हा रोट्या नव्हत्या आणि रोट्या आल्या तेव्हा भाजी गार झाली होती. दुसऱ्यांदा सांगितलेल्या रोट्या आल्याच नाहीत, बिलात मात्र आल्या. त्या वजा करून घ्याव्या लागल्या. आमच्या बाजूची चारपाच टेबलं एकच मुलगा सांभाळत होता. झाबुआकडचा, विशीतला. दर वेळी "अभी लाया, माताजी" म्हणायचा आणि खरंच धावत जायचा. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. दोघा-तिघांचं काम एकट्याला दिलं की जे होतं ते होत होतं. काउंटरवर मॅनेजर आणि आणखी दोघं उभे होते, त्यातलं कोणी एकदाही टेबलाकडे आलं नाही.

केक आम्ही बरोबर नेला होता. टेबल सांगताना फोनवर विचारलंही होतं की आणला तर चालेल का, आणि "हो, बिलकुल" असं उत्तर मिळालं होतं. त्यांनी सुरी आणि बशा दिल्या, गाणं लावलं. आई खूश झाल्या.

मग बिल आलं. पदार्थ आणि पाणी मिळून ४,२६० रुपये, त्यात पाण्याच्या चार बाटल्या ६० रुपयांप्रमाणे २४०. त्याखाली "केक सर्व्हिस" २०० रुपये. त्याखाली दहा टक्के सर्व्हिस चार्ज, ४४६. या सगळ्याच्या बेरजेवर, म्हणजे ४,९०६ रुपयांवर, पाच टक्के जीएसटी, २४५ रुपये ३० पैसे. एकूण ५,१५१. आम्ही मागवलेल्या पदार्थांचे आणि त्यांच्यावरच्या कराचे मिळून होत होते ४,२२१. म्हणजे ९३० रुपये असे होते, ज्यांच्याबद्दल ताटं वाढण्याआधी कोणी एक शब्द काढला नव्हता. त्यातही सर्व्हिस चार्जवर पुन्हा जीएसटी. ती रक्कम बावीस रुपयांची आहे, पण ती लावण्याची हिंमत मला रकमेपेक्षा मोठी वाटते.

मी उठून काउंटरवर गेले आणि सर्व्हिस चार्ज काढून नवीन बिल द्या म्हणून शांतपणे सांगितलं. मॅनेजर म्हणाला, "मैडम, वो सिस्टम में ही आता है, हटता नहीं." मग म्हणाला, मेन्यूत लिहिलेलं आहे. मी फोन पुढे केला आणि कुठे ते दाखवा म्हटलं. मग तो म्हणाला, यावर कोर्टाचा स्टे आहे, आम्ही घेऊ शकतो.

हे शेवटचं वाक्य पूर्ण खोटं नव्हतं, फक्त शिळं होतं, आणि म्हणूनच ते नीट समजून घेण्यासारखं आहे. ४ जुलै २०२२ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं, ज्याला सगळे सीसीपीए म्हणतात, मार्गदर्शक सूचना काढल्या. हॉटेल किंवा रेस्टॉरंटनं सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही. दुसऱ्या कुठल्या नावानं घ्यायचा नाही. सक्ती करायची नाही, तो ऐच्छिक आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगायचं. देणार नसाल तर आत येऊ नका, असं म्हणायचं नाही. आणि तो बिलात मिळवून एकूण रकमेवर जीएसटी लावायचा नाही. हॉटेलवाल्यांच्या दोन देशपातळीवरच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि त्याच महिन्यात, २० जुलैला, या सूचनांना स्थगिती मिळाली. तो हा स्टे. त्यातसुद्धा अट होती की सर्व्हिस चार्ज मेन्यूवर ठळक दाखवायचा आणि पार्सलवर लावायचा नाही. पुढची अडीच वर्षं देशभरातले मॅनेजर ग्राहकांना हा स्टे सांगत राहिले, अट मात्र गाळून.

२८ मार्च २०२५ रोजी त्याच न्यायालयानं दोन्ही याचिका फेटाळल्या, सूचना कायम ठेवल्या आणि संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपयांचा खर्च लावला. सक्तीनं सर्व्हिस चार्ज घेणं कायद्यात बसत नाही, हे स्पष्ट झालं. संघटना पुढे खंडपीठाकडे अपिलात गेल्या. ऑगस्ट २०२५मध्ये तिथे सुनावणी झाली, तेव्हा न्यायाधीशांनीच त्यांना विचारलं की बाहेर वीस रुपयांना मिळणारी पाण्याची बाटली तुम्ही शंभर रुपयांना विकता, तिथल्या वातावरणाचे पैसे त्यात आधीच घेता, मग वर सर्व्हिस चार्ज कशाचा? हे वाचलं तेव्हा मला आमच्या टेबलावरच्या त्या उघड्या बाटल्या आठवल्या.

काउंटरवर मी एवढं लांबण लावलं नाही. मार्च २०२५चा निकाल आणि सीसीपीए एवढे दोनच शब्द उच्चारले. मॅनेजर कोणाशी तरी फोनवर बोलला. मग जे "सिस्टीममधून निघत नाही" ते निघालं. पण त्याला बराच वेळ लागला. तोवर आई दाराजवळच्या खुर्चीत अवघडून बसल्या होत्या, मावशींना गाडी गाठायची होती, आणि माझे धाकटे दीर पुन्हापुन्हा येऊन सांगत होते, "वहिनी, सोडा ना, आईचा वाढदिवस आहे, मी देतो." मागे रांगेत उभे असलेले लोक आमच्याकडे बघत होते.

मला या सगळ्यात जे सलतं ते नेमकं इथे आहे. चारशे-पाचशे रुपयांनी आमचं घर बसत नाही. पण ही ओळ ज्या क्षणी समोर येते तो क्षण हॉटेलवाल्यानं निवडलेला असतो. आपण यजमान असतो. पाहुणे समोर असतात. कोणाचा तरी वाढदिवस असतो, नाहीतर मुलीला बघायला आलेली मंडळी असतात. अशा वेळी पैशांवरून बोलणारा माणूस हलका ठरतो, चुकीचं बिल देणारा ठरत नाही. आपल्याकडे म्हणतात ना, भीड ही भिकेची बहीण. हा सगळा धंदा त्या भिडेवर चालतो. भाव आधी सांगितला असता तर माणसानं विचार केला असता, दुसरीकडे गेला असता किंवा आनंदानं दिलेही असते. नंतर सांगितलं की त्याच्याकडे दोनच वाटा उरतात, गप्प भरणं किंवा चारचौघांत भांडणं. म्हणून मी याला छोटी गोष्ट मानायला तयार नाही.

आता पाण्याबद्दल, कारण इथे लोकांची समजूत आणि कायदा यांत फरक आहे. छापील किमतीपेक्षा जास्त घेणं हा सगळीकडेच गुन्हा, असं आपण धरून चालतो. दुकानात तसंच आहे. पण १२ डिसेंबर २०१७च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की हॉटेल आणि रेस्टॉरंटमध्ये बसून घेतलेली बाटली म्हणजे नुसती विक्री नव्हे, तिच्यासोबत जागा आणि सेवाही असते, म्हणून तिथे छापील किमतीचं बंधन नाही. निकाल मला पटो न पटो, तो आहे, आणि काउंटरवर भांडताना तो माहीत असलेला बरा. पण साठ रुपये घ्यायची मुभा असणं वेगळं आणि न विचारता झाकण उघडून साठ रुपये लावणं वेगळं. मेन्यूत "पाणी ६०" लिहा, विचारा, मग आणा. टेबलावर बसल्याबसल्या "सादा पानी दीजिए" म्हणायची सवय मी आता घरातल्या सगळ्यांना लावली आहे.

भोपाळमध्ये एका ग्राहकाची २०२१ सालची तक्रार होती. वीस रुपये छापील किमतीची बाटली रेस्टॉरंटनं २९ रुपयांना दिली आणि त्यात एक रुपया जीएसटी वेगळा दाखवला. छापील किमतीत कर धरलेलाच असतो, मग हा रुपया कसला, एवढाच त्याचा प्रश्न. ग्राहक आयोगानं २०२५मध्ये तो एक रुपया परत द्यायला सांगितलाच, वर भरपाई आणि खर्चाचे मिळून आठ हजार रुपयेही द्यायला लावले. एका रुपयासाठी चार वर्षं तग धरणाऱ्या त्या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे.

माझ्या कामामुळे ज्या ओळीकडे माझं सगळ्यात जास्त लक्ष जातं ती जीएसटीची. जुन्या लोकांच्या मनात अजून सर्व्हिस टॅक्स आहे, जो ३० जून २०१७पर्यंत एसी रेस्टॉरंटच्या बिलात असायचा. तो सरकारचा कर होता आणि तो गेला. बिलातला सर्व्हिस चार्ज सरकारकडे जात नाही, तो मालकाकडे जातो. आमच्या मावशींना त्या संध्याकाळपर्यंत तो सरकारीच वाटत होता, आणि त्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या आहेत. साध्या रेस्टॉरंटमध्ये जीएसटी पाच टक्के, अडीच केंद्राचे आणि अडीच राज्याचे. १५ नोव्हेंबर २०१७पासून हाच दर आहे, एसी असो की नसो. मोठ्या हॉटेलात, जिथे खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर आहे, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये अठरा. बाकी कुठे अठरा दिसले तर विचारा.

आणि एक प्रकार असा आहे की तिथे शून्य असायला हवं. वर्षाची उलाढाल दीड कोटीपर्यंत असलेले बरेच लहान हॉटेलवाले कंपोझिशन योजनेत असतात. ते आपल्या उलाढालीवर स्वतःच्या खिशातून कर भरतात, ग्राहकाकडून जीएसटी घेऊच शकत नाहीत. त्यांच्या कागदावर "बिल ऑफ सप्लाय" लिहायचं असतं आणि दुकानात तसा बोर्ड लावायचा असतो. तरी काही ठिकाणी साध्या प्रिंटरवर पाच टक्के जीएसटी छापून वसूल केलेला मी पाहिला आहे. तो पैसा सरकारात जात नाही. ओळखायचं कसं? बिलावर पंधरा अक्षरी जीएसटी नंबर असतो, मध्य प्रदेशात तो २३नं सुरू होतो. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करताही तो नंबर टाकला की दुकान रेग्युलर आहे की कंपोझिशन ते दिसतं. जेवणाची बडीशेप येईपर्यंत हे काम होतं. जीएसटी घेतलाय पण बिलावर नंबरच नाही, तर ते पैसे देऊच नका. त्याच बिलावर चौदा आकडी एफएसएसएआय नंबर, म्हणजे खाद्यपदार्थ विकण्याच्या परवान्याचा नंबरही असायला हवा, १ जानेवारी २०२२पासून ते बंधनकारक आहे.

त्या मुलाकडे परत येते. गाडीची वाट बघत आम्ही बाहेर उभे होतो, तेव्हा तो मावशींची राहिलेली पिशवी द्यायला आला. मी त्याला वेगळे पैसे दिले आणि विचारलं, हा सर्व्हिस चार्ज तुम्हा लोकांत वाटतात का? तो म्हणाला, "हमको तो पगार मिलती है, बाकी मालिक जाने." त्याच्या मालकाचे हिशेब मी पाहिलेले नाहीत, म्हणून त्या जागेबद्दल काही म्हणत नाही. पण हिशेबात ही रक्कम कशी बसते ते मला माहीत आहे. ती धंद्याची जमा म्हणून येते. ती वेटरपर्यंत पोचली पाहिजे असं बिलावरची ती ओळ कुठेच सांगत नाही. "गरीब वेटरसाठी आहे, तुम्ही तेही देत नाही" असं म्हणून ग्राहकाला अपराधी वाटायला लावतात, तेव्हा मला राग येतो. वेटरला द्यायचं असेल तर त्याच्या हातात द्यावं. आणि त्याला पुरेसा पगार देणं हे ग्राहकाच्या दयेवर सोडायचं काम नाही.

याच शहरात सराफ्यात रात्री पेढ्या बंद झाल्यावर जी दुकानं लागतात, तिथे जाऊन बघा. भुट्ट्याचा कीस, थंडीत गराडू, साबुदाण्याची खिचडी, दहीवडा. भाव पाटीवर असतो किंवा विचारलं की सांगतात, तेवढेच पैसे देता, संपलं. छप्पन दुकान नावाच्या खाऊगल्लीतही तेच. तिथे खुर्ची नाही, नॅपकिन नाही, गर्दीत कोपरा लागतो, पण वर जिरावण मसाला टाकू का हे विचारल्याशिवाय कोणी टाकत नाही. ज्या शहरात रस्त्यावरचा माणूस हे पाळतो, तिथे काचेच्या दारामागे बसलेल्याला ते का जमू नये, हे मला खरंच कळत नाही.

घरी मागवण्याच्या ॲपबद्दल इथे फार लिहीत नाही, तो स्वतंत्र विषय आहे. पॅकिंग, प्लॅटफॉर्म फी, डिलिव्हरी अशी एकेक ओळ पैसे भरायच्या पायरीवर उगवते. ३० नोव्हेंबर २०२३च्या डार्क पॅटर्नविषयीच्या सूचनांमध्ये सीसीपीएनं अशा तेरा युक्त्या सांगितल्या आहेत. न विचारता एखादी वस्तू किंवा देणगी यादीत घालणं आणि खरी किंमत शेवटपर्यंत लपवणं, या दोन्ही त्यात आहेत. म्हणजे सरकारलाही हे दिसतंय.

दुसऱ्या दिवशी मी १९१५ला फोन केला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, फोन फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं. पहिल्या बिलाचा फोटो मी काउंटरवरच काढून ठेवला होता, तो कामाला आला. दुसरं बिल हातात देताना त्यांनी पहिलं परत मागून घेतलं होतं. तक्रारीचा नंबर मेसेजवर आला. काही दिवसांनी रेस्टॉरंटकडून फोन आला. बोलणारी मुलगी गोड होती. केकचे दोनशे परत करतो, पुढच्या वेळी या, डेझर्ट आमच्याकडून, आणि जमलं तर गूगलवर पाच तारे द्या. मी म्हणाले, दोनशे द्या, डेझर्ट नको, तारे नाहीत. मला एवढंच हवंय की सर्व्हिस चार्ज सगळ्यांच्याच बिलातून जावा आणि पाण्याचा आणि केकचा भाव मेन्यूत लिहिला जावा. त्यावर ती म्हणाली, ते माझ्या हातात नाही.

हेल्पलाइन मध्यस्थी करते, सक्ती करू शकत नाही. म्हणून ग्राहक संरक्षण कायदा, २०१९च्या कलम १७खाली मी जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार दिली आहे. ज्या प्रकारानं एकट्यादुकट्याचं नव्हे तर सगळ्याच ग्राहकांचं नुकसान होतं, त्याची तक्रार तिथे किंवा थेट सीसीपीएकडे करता येते. स्वतःची भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या अर्ज होतो, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागत नाही, घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. दीर अजूनही म्हणतात की वहिनींना एवढा वेळ कुठून मिळतो. आईंनी मात्र अर्जाची प्रत मागून घेतली, चष्मा लावून पूर्ण वाचली आणि "रोट्यांचं लिहिलं नाहीस का" म्हणून विचारलं. मग तेही घातलं.

हॉटेलवाल्यांची अडचण मला नाकारायची नाही. ती त्यांच्या वह्यांत रोज बघते. पाच टक्क्यांच्या दरात त्यांना इनपुट क्रेडिट मिळत नाही. म्हणजे दुकानाच्या भाड्यावर अठरा टक्के जीएसटी भरला तरी तो वळता होत नाही, सगळा खर्चात जातो. ॲपवाले कमिशन कापतात. तेल, गॅस, पगार आहेतच. खर्च वाढला तर भाव वाढवावा, त्याला कोणाची ना नाही. पण वाढवलेला भाव मेन्यूत दिसला पाहिजे.

जुन्या इंदूरकडे माझे एक ग्राहक आहेत, त्यांचं छोटं घरगुती रेस्टॉरंट आहे. त्यांच्याशी यावरून माझी लांबलचक चर्चा झाली. त्यांची दाल-बाफल्याची थाळी २२० रुपयांची. खर्च भागत नाही म्हणून त्यांनाही दहा टक्के सर्व्हिस चार्ज सुरू करायचा होता, कारण समोरच्यानं केला आहे. मी म्हणाले, थाळी २४० करा आणि खाली ठळक लिहा, "या दरांवर ५ टक्के जीएसटी. बाकी काहीही नाही." ते म्हणाले, "ताई, समोर बोर्डावर २२० आणि माझ्याकडे २४०, लोक माझ्याकडे येतीलच कशाला?"

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, म्हणून मी कागदावर मांडून दाखवलं. समोरचे २२०, वर सर्व्हिस चार्ज धरून २४२, त्यावर जीएसटी, ग्राहक भरतो २५४ रुपये १० पैसे. यांचे २४०, जीएसटी धरून २५२. यांची थाळी दोन रुपयांनी स्वस्त आहे, पण बोर्डावर वीस रुपयांनी महाग दिसते. लपवलेल्या शुल्कामुळे ग्राहक फसतो हे आपण म्हणतोच, पण सरळ भाव लिहिणारा दुकानदार त्याच्याआधी मार खातो, आणि शेवटी तोही तसंच करायला लागतो. त्या एका वीस रुपयांच्या फरकात मला सगळी गल्ली एकेक करून कशी बिघडते ते दिसलं. हे थांबवायचं तर नियम सगळ्यांना एकाच वेळी लागू व्हायला हवा. म्हणून समोरच्या दुकानाबद्दलही लिहिणं भाग आहे, आणि ते मी लिहिणार आहे.

त्यांनी दोन दिवस विचार केला आणि हो म्हणाले. नवीन मेन्यू छापायला जातो आहे, कागदाचा, मोठ्या अक्षरांत, हिंदी आणि मराठी दोन्हीत. प्रूफ माझ्या टेबलावर आहे. थाळी २४०, पार्सलचा डबा १० रुपये वेगळा लिहिलेला, साधं गाळलेलं पाणी मोफत. बाटलीच्या ओळीवर अजून आमचं जमलेलं नाही. त्यांना छापील वीसच्या बाटलीचे तीस घ्यायचे आहेत. मी म्हटलं घ्या, पण तीस हा आकडा थाळीच्या आकड्याएवढ्याच टायपात छापायचा. त्यांना तो जरा लहान हवा आहे. उद्या सकाळी प्रेसवाल्याकडे जाण्याआधी ते येणार आहेत.